वस्तीतला मालिशचा वर्ग: कमी पैशात, पण नीट

मालिशचा वर्ग काढायला यंत्र लागत नाही की वीज लागत नाही. दोन हात, वाटीभर तेल आणि आडवे होण्यापुरती जागा एवढ्यावर भागेल असे वाटते, म्हणून वस्तीत असे वर्ग झटपट सुरू होतात. बंदही तसेच पडतात, आणि दोष क्वचितच शिकवण्याचा असतो. वर्गाची वेळ नळाला पाणी यायच्या वेळेवर आदळते, तेलकट पंचे वाळत नाहीत आणि त्यांना कुबट वास येतो, शिकणाऱ्या बायकांचे अंगठे तिसऱ्या आठवड्यात ठणकू लागतात. मुंबईतल्या चाळीत, झोपडपट्टीत किंवा एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) इमारतीत बारा जणींचा वर्ग थोडक्या पैशांत चालवायचा असेल तर काय करावे, ते पुढे दिले आहे.

पैसे वाचवायला भरपूर जागा आहे. मालिशचे टेबल नको, सुवासिक तेले नकोत, गणवेश नको, बॅनर तर नकोच. तीन गोष्टींत मात्र हात आखडता घेऊ नये: पुरेसे पंचे, दुसरी शिक्षिका, आणि मालिश कधी करायची नाही हे शिकवायला दिलेला वेळ.

वेळ, ऋतू, जागा

घरकाम करणाऱ्या बायकांची सकाळची कामे साधारण एक-दीडपर्यंत आटपतात आणि संध्याकाळच्या भांड्यांना साडेचारपासून जावे लागते. म्हणून दुपारी २ ते ४ हीच खरी वेळ. आठवड्यातून तीन दिवस, आठ आठवडे, म्हणजे ४८ तास होतात. याहून कमी तासांत हाताला वळण लागत नाही आणि याहून लांबवले तर गळती सुरू होते. पुरुषांचा वर्ग वेगळा, रविवारी सकाळी किंवा रात्री साडेआठनंतर. एकत्र वर्ग कितीही पुढारलेला वाटला तरी सराव एकमेकांच्या अंगावर करायचा असतो, आणि घरचे पाठवत नाहीत. तो वाद घालण्यात वर्गाचा जीव जातो.

वर्ग दिवाळी झाली की सुरू करावा आणि जानेवारीत संपवावा. मे महिन्यात अर्धी वस्ती गावी असते. जून-जुलैत पंचे वाळत नाहीत, आणि एक दिवस रुळांवर पाणी भरले की आठवड्याची घडी मोडते. गणपतीच्या आधी मंडळाची खोली मिळणे अवघड. जानेवारीतल्या एखाद्या थंड पहाटे खोबरेल तेल गोठते (ते २४ अंशांच्या आसपास घट्ट होते), पण दुपारच्या वर्गाला त्याचा त्रास होत नाही.

जागा म्हणून समाजमंदिर, बालवाडी, बुद्धविहार, व्यायामशाळा, मंडळाची खोली, काहीही चालते. एका जोडीला ७ बाय ५ फूट जागा लागते. सहा जोड्या धरल्या तर १५ बाय १५ फुटांची खोली जेमतेम पुरते. खोली बघायला जाल तेव्हा चार गोष्टी तपासा. हात धुवायला जवळ नळ किंवा निदान भरलेला पिंप आहे का. खिडक्यांना पडदे लावता येतात का. दार आतून लोटता येते का. कडी घालायची नाही, फक्त लोटायचे आणि बाहेर एकीने बसायचे. आणि चौथी गोष्ट लोक हमखास विसरतात: आत सीसीटीव्ही कॅमेरा आहे का. हल्ली बऱ्याच मंडळांच्या खोल्यांत असतो. तो वर्गाच्या वेळेत नुसता बंद ठेवून भागत नाही, त्यावर कापड बांधा. सगळ्यांचे मोबाइल एका पिशवीत, पिशवी दाराशी. सरावाचे फोटो कोणीही काढायचे नाहीत, देणगीदाराला दाखवायलासुद्धा नाहीत.

फी

पूर्ण फुकट वर्गाला पहिल्या दिवशी तीस जणी येतात आणि चौथ्या आठवड्यात पाच उरतात. फी लावली तर जिला खरी गरज तीच येत नाही. मधला मार्ग अनामतीचा. समजा ३०० रुपये अनामत घेतली, तर दुसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्याच्या शेवटी हजेरी पाहून शंभर-शंभर परत करायचे. जिला तेवढेही जमत नाही तिने आठवड्यातून एकदा पंचे धुवायचे किंवा खोली झाडायची, म्हणजे तिची अनामत भरली असे धरायचे. ही सोय सगळ्यांसमोर, सगळ्यांसाठी खुली ठेवा. कोणाला कानात सांगून दिलेली सवलत वस्तीत दुसऱ्या दिवशी चर्चेचा विषय होते.

सामान

बारा जणींसाठी पातळ सुती पंचे ३० नग. टर्किश टॉवेल घेऊ नका. ते महाग पडतात, तेल पितात आणि मुंबईच्या हवेत दोन-दोन दिवस ओले राहतात. मंगलदास मार्केटमध्ये पंचे घाऊक भावात मिळतात. एका वर्गाला प्रत्येकीमागे दोन पंचे लागतात, एक अंगावर झाकायला आणि एक पुसायला. म्हणजे २४ रोजचे आणि सहा राखीव. अंथरायची जुनी चादर प्रत्येकीने घरून आणायची आणि घरीच धुवायची.

तेल: पाठ आणि दोन्ही हातांना १० मिली पुरते, पावलांना ५, पूर्ण अंगाला २५ ते ३०. बारा जणींनी एकमेकींवर सराव केला की एका वर्गाला सुमारे १२० मिली जाते. चोवीस वर्गांपैकी तेलाचे वर्ग सोळाच्या आसपास असतात, तेव्हा दोन लिटर लागेल. अडीच आणून ठेवा. साधे खोबरेल किंवा तिळाचे तेल घ्या. मोहरीचे तेल नाजूक कातडीला झोंबते. बाम, गरम-थंड लागणारी मलमे आणि उग्र वासाची तेले वर्गात आणू देऊ नका, कारण त्यांनी अंगाला गरम लागते आणि आपला हात नीट पडला की नाही ते कळेनासे होते. नव्या तेलाचा थेंब आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघायचा. २४ तासांत खाज किंवा लाली आली तर ते तेल त्या बाईसाठी बाद.

सगळ्यांनी एकाच वाटीत बोटे बुडवायची नाहीत. ज्या हाताने कोणाच्या पायाला तेल लावले तोच हात वाटीत गेला की नायटा आणि खरूज साऱ्या वर्गात फिरते. शंभर मिलीच्या, झाकणाला भोक असलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या घ्या, जोडीला एक. बाटली नसेल तर स्टीलच्या छोट्या वाटीत चमचाभर तेल काढायचे आणि उरलेले टाकायचे. तेल फरशीवर सांडले तर लगेच आधी कोरड्या कागदाने, मग साबणाच्या फडक्याने पुसा. मालिशच्या वर्गातली सर्वांत सामान्य इजा पाय घसरून होते.

पंचे धुण्याची रीत थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण वर्गाला येणारा वास इथूनच सुरू होतो. गार पाण्यात नुसत्या पावडरीने तेल निघत नाही. ते धाग्यात राहते, हवेने खवट होते, आणि मग कितीही धुतले तरी वास जात नाही. दहा लिटर कढत पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा टाकून पंचे अर्धा तास भिजवायचे, मग नेहमीच्या साबणाने धुऊन दोनदा खळबळायचे. हे त्याच दिवशी झाले पाहिजे. तेलकट पंचे पिशवीत दाबून दोन दिवस ठेवले की ते वाया गेले असे समजा. नीट न धुतलेले तेलकट कापड इस्त्री करून किंवा ड्रायरमधून काढून गरम-गरम थप्पी लावून ठेवू नये. आत उष्णता साठून ते पेटू शकते. दोरीवर उन्हात वाळवणाऱ्यांना ही भीती नाही, पण एखादी इमारतीच्या लाँड्रीत देईल म्हणून सांगून ठेवलेले बरे.

शिकवणार कोण

दोघी हव्यात. एक वस्तीतलीच जुनी मालिश करणारी बाई, जिने वर्षानुवर्षे बाळंतिणींना न्हाऊ-माखू घातले आहे. दुसरी फिजिओथेरपिस्ट किंवा नर्स, निदान आठवड्यातून एक दिवस येणारी. पहिलीच्या हातात जे आहे ते दुसरीला पुस्तकातून मिळत नाही, आणि दुसरीला जे धोके दिसतात ते पहिलीच्या सवयीत दडलेले असतात. दोघींनी आधी बसून वादाचे मुद्दे मिटवावेत, विद्यार्थिनींसमोर नव्हे. मानधन दोघींना सारखे द्या. मावशींना साडी-चोळी आणि मॅडमना पाकीट, हे वर्गात सगळ्यांना दिसते.

पहिले दोन आठवडे: आधी स्वतःचे शरीर

नव्या शिकणारीला वाटते की जोर बोटांत असतो. ती अंगठ्याने दाबत सुटते आणि तिचा अंगठा मागे वाकतो. अशा वाकलेल्या अंगठ्याने रोज चार मालिशी केल्या तर काही महिन्यांत सांधा धरतो आणि धंदा बुडतो. म्हणून पहिले चार वर्ग अंगठा वापरायचाच नाही. तळहात, मूठ, बोटांची मागची पेरे आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात, एवढ्यांनीच काम.

मनगट सरळ, कोपर जवळपास सरळ, आणि वजन कमरेतून पुढे झुकून द्यायचे. हे समजावायला भिंत पुरते. दोन्ही तळवे भिंतीवर टेकवा, पाय मागे घ्या आणि हात न ढकलता नुसते अंग पुढे सोडा. भिंतीवर जो दाब पडतो तो मालिशचा दाब. मग तोच दाब जमिनीवर ठेवलेल्या उशीवर द्यायचा.

जमिनीवर काम करताना दोन्ही गुडघ्यांवर बसून पुढे ओणवे राहिले की दहा मिनिटांत कंबर भरून येते. एक गुडघा टेकलेला, दुसरे पाऊल पुढे रोवलेले, अशी बैठक घ्यायची आणि दर काही मिनिटांनी पाय बदलायचा. टेकलेल्या गुडघ्याखाली घडी केलेली गोधडी. जिथे लाकडी बाक किंवा जुना दिवाण आहे तिथे उंची अशी तपासा: शेजारी उभे राहून हात सैल सोडला की मुठीची पेरे गादीला टेकली पाहिजेत. बाक याहून उंच असेल तर खांदे वर चढतात, आणि ठेंगणा असेल तर पाठ वाकते.

नखे वर्गाच्या दारात तपासा. बोटाच्या टोकाबाहेर नख दिसता कामा नये. अंगठ्या काढायच्या. बांगड्यांचा प्रश्न नाजूक आहे, पुष्कळ जणी त्या उतरवणार नाहीत आणि तसा आग्रहही धरू नये. बांगड्या कोपराकडे सरकवून त्यावर रुमाल किंवा क्रेप पट्टी गुंडाळली की काम होते. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत टाकून पिन लावायची, नाहीतर ते समोरच्याच्या पाठीवर लोंबते.

पाठ: वीस मिनिटांचा क्रम

वर्गातला मुख्य धडा हाच. हा पक्का झाला की हात-पाय दोन वर्गांत येतात.

आधी विचारायचे, मग हात लावायचा. कुठे दुखते, कुठे हात नको, ताप आहे का, औषधे कोणती चालू आहेत. पालथे झोपल्यावर घोट्यांखाली चार-पाच इंच जाडीची पंचाची गुंडाळी ठेवा, नाहीतर पावले ताणून पोटरीत गोळा येतो. कपाळाखाली घडी. कमरेखाली आणि ज्या बाजूला काम चालू नाही तिथे पंचा झाकलेला असावा. ज्येष्ठ बायकांना पालथे झोपवत नाही. त्यांना कुशीवर, दोन गुडघ्यांत उशी देऊन, किंवा हात नसलेल्या खुर्चीवर उलटे बसवून पाठ करता येते.

1. कोरडे, उबदार तळवे एक खांद्यांच्या मध्ये आणि एक कमरेवर, अर्धा मिनिट नुसते टेकवून ठेवा. समोरचीचा श्वास संथ होऊ द्या.
2. चमचाभर तेल आपल्या तळव्यांवर घेऊन चोळा. पाठीवर थेट ओतू नका. कण्याच्या दोन्ही बाजूंनी कमरेपासून खांद्यापर्यंत लांब हात न्यायचा, वर जायला पाच-सहा सेकंद, आणि खांद्यावरून वळसा घेत कुशीच्या बाजूने हलका हात परत. असे दहा वेळा.
3. कुशीपासून खांद्यापर्यंत कणीक तिंबतो तसे मांस उचलून मळायचे, एका बाजूला तीन मिनिटे. चिमटा बसला तर बोटे जास्त आणि तळवा कमी लागतो आहे असे समजावे.
4. कण्यापासून दोन बोटे बाजूला, मुठीच्या पेरांनी कमरेकडून वर छोटी वर्तुळे. गाठ लागली तर तिथे सात-आठ सेकंद स्थिर दाब. हात कातडीवर घासू नये. कातडीसकट खालचे मांस हलले पाहिजे.
5. खांद्याचे पाते आणि कणा यांच्या मधली जागा. समोरचीचा हात हळूच पाठीवर ठेवला की पाते उचलले जाते आणि त्याची कड बोटांना मिळते. घरकाम करणाऱ्यांची आणि ओझी उचलणाऱ्या माथाडींची गाठ बहुधा इथेच असते. तीन-चार मिनिटे द्या.
6. मानेची फक्त मागची बाजू, दोन्हीकडून पकडून हलके उचलत दाबायची.
7. पुन्हा लांब हात, दरवेळी हलका करत, आणि पंचाने तेल टिपून घेणे.

कणा, बरगड्यांच्या खालची कमरेची मऊ जागा, काख, जांघ, गुडघ्यामागची खळगी आणि गळ्याचा पुढचा आणि बाजूचा भाग, इथे दाब नाहीच. आणि मान कडकन मोडायची नाही. सलूनमध्ये दाढीनंतर कोणी मागितली तरी, समोरच्याने हट्ट केला तरी नाही. मानेला झटका बसून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते आणि त्यातून पक्षाघात येऊ शकतो.

हमखास होणाऱ्या चुका तीनच. तेल जास्त झाले की हात घसरतो आणि दाब बसत नाही. मग शिकणारी आणखी जोर लावते. दुसरी चूक घाई. आणि तिसरी, "बरं वाटतंय का?" असे विचारणे. या प्रश्नाला आपल्याकडे कोणी "नाही" म्हणत नाही. "दाब कमी करू की वाढवू?" असे विचारा, खरे उत्तर मिळते. शिवाय चेहऱ्याकडे आणि पायाच्या बोटांकडे लक्ष ठेवा. बोटे आखडली की दुखते आहे, तोंडाने काहीही म्हणो.

तेल नको असलेल्या ठिकाणी, म्हणजे नाक्यावर, बचत गटाच्या बैठकीत, दुपारच्या सुट्टीत, कपड्यांवरूनच डोके-मान-खांदे दहा मिनिटांत करता येतात. समोरचीला टेबलावर उशी ठेवून त्यावर डोके टेकवायला सांगायचे. सरावासाठी हा प्रकार सर्वांत सोयीचा, कारण लाजेचा प्रश्न येत नाही.

नाही कधी म्हणायचे

याला दोन पूर्ण वर्ग द्या आणि परीक्षेत इथूनच निम्मे प्रश्न विचारा. ताप असेल, कातडीवर नायटा, खरूज, जखम, भाजलेले असेल तर मालिश नाही. छातीत दुखणे, दम लागणे, अचानक हातपाय लुळे पडणे, बोबडी वळणे यांत मालिश तर नाहीच, १०८ ला फोन. ताजी लचक सुजली असेल तर दोन-तीन दिवस चोळायचे नाही. चोळल्याने सूज वाढते, आणि हाड मोडले असेल तर ते सरकते.

सगळ्यात धोक्याची खूण म्हणजे एकच पाय सुजलेला, पोटरी गरम आणि दुखरी. आपल्याकडे अशा पायाला पहिला उपाय म्हणून तेल चोळतात. तिथे शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, आणि ती चोळल्याने सुटून फुप्फुसात गेली तर माणूस दगावतो. नुकतीच प्रसूती, शस्त्रक्रिया किंवा प्लास्टर झाले असेल तर शंका अधिक धरा. अशा पायाला हात न लावता दवाखान्यात पाठवायचे. फुगलेल्या निळ्या शिरांवर दाब नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मधुमेह असलेल्यांना पावलांत कळत नसेल तर आधी तळवे डोळ्यांनी तपासा, हलक्या हाताने करा, गरम शेक देऊ नका. भाजले तरी त्यांना कळत नाही.

वर्गाच्या भिंतीवर जवळच्या "आपला दवाखाना"ची किंवा पालिका दवाखान्याची वेळ लिहून ठेवा. "मालिश नाही" म्हणताना पुढे "इथे जा" असे सांगता आले, तर नकार देणारीला अवघडल्यासारखे होत नाही.

बाळ आणि बाळंतीण: वेगळा भाग

सव्वा महिन्याचे हे काम मुंबईत सर्वांत नियमित मिळते, म्हणून सगळ्यांना आधी हेच शिकायचे असते. पाठ पक्की झाल्याशिवाय इथे येऊ देऊ नका. शेवटचे दोन आठवडे यासाठी ठेवा.

सराव बाहुलीवर. बाजारची प्लास्टिकची बाहुली फार हलकी असते. जुन्या अभ्र्यात अडीच किलो तांदूळ भरून धड करा आणि अर्धा किलोची वेगळी पिशवी सैल टाक्यांनी डोके म्हणून शिवा. मानेचा आधार सुटला की डोके लटकते आणि चूक सगळ्यांना दिसते. पाय पसरून पाटावर बसायचे, बाहुली नडग्यांवर, तेलाच्या हाताने उचलायची वेळ आली की आधी हात पुसायचे.

नाळ पडल्यावर सुरुवात करावी. दूध पाजल्यानंतर पाऊण तास जाऊ द्यावा, पंखा बंद, चमचाभर खोबरेल, दहा-पंधरा मिनिटे पुरे. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉक्टरांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वजन खनिज तेलापेक्षा खोबरेल तेलाच्या मालिशने अधिक वेगाने वाढल्याचे दिसले होते. बाजारातले बेबी ऑइल बहुधा खनिज तेलाचेच असते, तेव्हा ते महागडे तेल आणायला लावण्याचे कारण नाही. अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला मात्र डॉक्टरांनी सांगितल्यावरच हात लावायचा.

आता जुन्या सवयी. नाकात आणि कानात तेल सोडणे बंद. नाकातले तेल फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. बाळाची छाती दाबून "दूध काढणे" बंद. त्याने गळू होते. टाळूवर दाब नको, तेल लावायचेच तर नुसते टेकवायचे. नाक वर यावे म्हणून ओढणे, डोके गोल व्हावे म्हणून दाबणे, पायाला धरून उलटे टांगणे, लव जावी म्हणून पिठाचा गोळा फिरवणे, हे सगळे बंद. मुलग्याच्या शिश्नाची कातडी मागे ओढायची नाही. सासूबाई समोर बसून "आमच्याकडे असंच करतात" म्हणणारच. तिथे भांडण न करता "डॉक्टरांनी नको म्हटलंय" एवढे वाक्य पाठ करून ठेवावे.

बाळंतिणीची मालिश साध्या प्रसूतीनंतर पाठ, हात, पावले इथून सुरू करता येते. सिझेरियन झाले असेल तर डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत पोटाला हात नाही आणि टाक्यांवर तेल नाही. शेक द्यायला कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नका. त्या धुरातला विषारी वायू ना दिसतो ना वास येतो, आणि वन रूम किचनमध्ये तो लवकर साठतो. गरम पाण्याची पिशवी घ्या, तीही पंचात गुंडाळून. गरोदर बायकांची मालिश ४८ तासांत शिकवण्यासारखी नाही. ती सोडून द्या.

दृष्टिहीन शिकणारे

या कामात दृष्टीवाचून फारसे अडत नाही. जपानमध्ये सुगियामा वाइची या दृष्टिहीन वैद्याने सतराव्या शतकातच दृष्टिहीनांसाठी असे शिक्षण उभे केले, आणि दक्षिण कोरियात परवानाधारक मालिशचा व्यवसाय कायद्यानेच दृष्टिहीनांसाठी राखीव आहे. शिकवताना "असं करा" म्हणून दाखवून चालत नाही. शिकणारीचा हात आपल्या हातावर ठेवून आधी हालचाल कळू द्यायची, मग उलट. तेलाची बाटली कायम उजव्या गुडघ्याशी, तिला रबरबँड लावलेला, म्हणजे इतर बाटल्यांत ती चाचपून ओळखता येते.

काम मिळवणे, दर आणि सुरक्षितता

प्रमाणपत्रावर "४८ तासांचा मालिश सराव वर्ग पूर्ण" एवढेच लिहा. थेरपिस्ट, फिजिओ, उपचार असे शब्द नकोत. फिजिओथेरपी हा वेगळा, नोंदणीचा व्यवसाय आहे. ज्यांना सरकारी शिक्का हवा त्यांच्यासाठी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभव मोजून परीक्षा घेण्याची तरतूद आहे, आणि ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचा असिस्टंट स्पा थेरपिस्ट हा अभ्यासक्रम आहे. वय १६ ते ५९ असेल तर शेवटच्या आठवड्यात सगळ्यांची ई-श्रम (असंघटित कामगारांची सरकारी) नोंदणी करून टाका. ती मोफत असते. आधारशी जोडलेला मोबाइल सोबत असला की काम सोपे होते.

दर ठरवताना बायका फक्त मालिशची वेळ मोजतात आणि तोट्यात जातात. समजा तासाभराची मालिश, हात धुणे-आवरणे १० मिनिटे, जाऊन-येऊन ७० मिनिटे. एकूण १४० मिनिटे. घरकामात तिला तासाला १२० रुपये पडत असतील तर वेळेचेच २८० झाले. भाडे २० आणि तेल-साबणाचे २० धरून ३२०. याच्या खाली ते काम घेण्यात अर्थ नाही. एकाच इमारतीत दोन घरे मिळाली तर प्रवास वाटला जातो, म्हणून लांबच्या मोठ्या घरापेक्षा जवळची दोन छोटी घरे बरी. महिन्याचे काम असेल तर आठवड्याला पैसे घ्यावेत.

जाहिरातीत नुसता "मसाज" शब्द आणि कोणाचा खासगी नंबर कधीही टाकू नका, पहिल्याच रात्री नको ते फोन सुरू होतात. "बाळ-बाळंतीण मालिश", "ज्येष्ठ महिलांसाठी हात-पाय मालिश" असे स्पष्ट लिहा आणि बचत गटाचा एक सामाईक मोबाइल द्या. तो दुपारी एकीकडे, संध्याकाळी दुसरीकडे. पहिल्या भेटीला दोघींनी जायचे. इमारत, मजला, नाव आणि निघायची वेळ गटाच्या नंबरवर टाकायची. ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासात निरोप आला नाही तर गटातून फोन जातो, आणि उचलला नाही तर दोघी तिथे जाऊन दार वाजवतात. कोणाचे घर हेही कामाचे ठिकाण आहे, असे २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा मानतो. अशा घरात काही वावगे घडले तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, आणि तातडीची मदत लागली तर १०३ किंवा ११२. हे दोन्ही नंबर सामाईक मोबाइलच्या मागे चिकटपट्टीने लावून ठेवा.